डोळ्याचा फोटो, मशीनचा रिपोर्ट: मधुमेहात जाणारी नजर एआय वाचवू शकतं का?

मधुमेहामुळे नजर जाते, पण ती एका रात्रीत जात नाही. आधी कित्येक वर्षं डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुगत असतात, पाझरत असतात. या काळात दुखत काही नाही, पेपर वाचता येतो, गाडी चालवता येते. समोर काळे ठिपके तरंगायला लागतात किंवा अचानक पडदा पडल्यासारखं अंधारून येतं, तेव्हा कुठे माणूस डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातो. तोवर बराच उशीर झालेला असतो.

या आजाराला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. वेळेत सापडला तर लेझरने किंवा डोळ्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनने नजर बऱ्यापैकी वाचवता येते. गेलेली नजर परत आणणं मात्र अवघड असतं. म्हणून काही त्रास नसला तरी मधुमेही व्यक्तीने वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा, असं डॉक्टर सांगतात.

सांगायला सोपं आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या प्रत्येकाचा पडदा दरवर्षी नेत्रतज्ज्ञांनी तपासायचा म्हटलं, तर तेवढे नेत्रतज्ज्ञ आणायचे कुठून? आणि जे आहेत ते बहुतेक शहरात. आरोग्य क्षेत्रात मशीन लर्निंगचा सगळ्यात जास्त अभ्यास झालेल्या वापरांपैकी एक इथे सुरू होतो. मशीनने डोळ्याचा फोटो बघायचा आणि या माणसाला डॉक्टरकडे पाठवायचं की नाही, एवढंच सांगायचं.

डोळ्याच्या आत दिसतं तरी काय?

आपल्या शरीरात कुठेही न कापता रक्तवाहिन्या थेट बघायच्या असतील तर डोळ्याचा पडदा ही सगळ्यात सोयीची जागा. बाहुलीतून प्रकाश आत सोडायचा आणि पडद्यावर आपटून परत येणारा प्रकाश पकडायचा. जर्मन शास्त्रज्ञ हेरमान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये यासाठीचं उपकरण जगापुढे मांडलं. आजचा फंडस कॅमेरा तेच काम करतो, फक्त डोळा लावून बघण्याऐवजी फोटो काढतो.

फोटोत एक नारिंगी-लालसर गोल दिसतो. एका बाजूला फिकट पिवळा ठिपका असतो, तिथून डोळ्याची नस मेंदूकडे जाते. त्या ठिपक्यातून झाडाच्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात. मधुमेहाचा परिणाम सुरू झाला की आधी टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात. हे म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीला आलेले फुगे. मग रक्ताचे डाग, चरबीचे पिवळसर कण, कापसाच्या बोळ्यासारखे पांढुरके डाग. शेवटच्या टप्प्यात शरीर नव्या रक्तवाहिन्या उगवतं. त्या इतक्या नाजूक असतात की फुटतात आणि डोळ्यात रक्त उतरतं. पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे मॅक्युलाला सूज आली तर आजार कुठल्याही टप्प्यावर असला तरी नजर धोक्यात येते.

पहिल्या टप्प्यातले ते लाल ठिपके ओळखणं तज्ज्ञांनाही सोपं नसतं. एकच फोटो दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या टप्प्यात टाकला, असं अनेकदा होतं. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

मशीन 'शिकतं' म्हणजे काय करतं?

मशीनला लाल ठिपका, पिवळा कण यांची व्याख्या कुणी सांगत नाही. जुन्या पद्धतीचं सॉफ्टवेअर तसं चालायचं. प्रोग्रामर लिहायचा की 'इतका लाल, इतका गोल, इतका लहान असेल तर ठिपका समज'. त्याच्या मर्यादा लगेच उघड्या पडायच्या.

आताच्या पद्धतीत, म्हणजे डीप लर्निंगमध्ये, कॉम्प्युटरला हजारो फोटो दिले जातात आणि प्रत्येक फोटोसोबत डॉक्टरांचं उत्तर. कॉम्प्युटरसाठी फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. प्रत्येक पिक्सेलचा रंग म्हणजे तीन आकडे. हे आकडे गणिताच्या अनेक थरांतून जातात आणि शेवटी एक अंदाज बाहेर पडतो. अंदाज डॉक्टरांच्या उत्तराशी जुळला नाही, की मधल्या थरांतले लाखो आकडे किंचित इकडेतिकडे सरकवले जातात. मग पुढचा बॅच. हे इतक्या वेळा होतं की हळूहळू चुका कमी होत जातात. कोणत्या खुणांकडे बघायचं, हे मशीन स्वतःच ठरवतं.

या विषयात सगळ्यात जास्त गाजलेला अभ्यास गुगलच्या टीमचा. २०१६ मध्ये तो 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. १ लाख २८ हजार १७५ फोटो वापरले गेले. ते अमेरिकेतले होते आणि भारतातल्या नेत्र रुग्णालयांतलेही, त्यात अरविंद आणि शंकर नेत्रालय होती. ५४ नेत्रतज्ज्ञ आणि शेवटच्या वर्षांतल्या निवासी डॉक्टरांनी हे फोटो तपासले, एकेक फोटो तीन ते सात वेळा. एवढा खटाटोप का, तर वर म्हटल्याप्रमाणे डॉक्टरांचं आपापसात एकमत नसतं. एकाच डॉक्टरचं उत्तर 'खरं' धरलं असतं, तर मशीन त्याच्या सवयी शिकलं असतं.

नंतर मशीनला कधीच न दाखवलेले फोटो दिले गेले. एका संचात ९,९६३ फोटो होते. कमीत कमी आजार सुटावा अशा सेटिंगवर मशीनने तपासणीची गरज असलेल्या ९७.५ टक्के केसेस पकडल्या आणि निरोगी डोळ्यांपैकी ९३.४ टक्के बरोबर बाजूला काढले.

हे वाचून 'एआयने डॉक्टरांना मागे टाकलं' अशा हेडलाइन्स जगभर झळकल्या. पण डॉक्टर जे करतात, त्यातलं एक छोटं काम मशीनने केलं होतं, तेही आधीच काढून ठेवलेल्या फोटोंवर. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर अजून काहीच झालेलं नव्हतं.

९० टक्के अचूक म्हणजे नेमकं किती?

अशा बातम्यांमध्ये 'अचूकता' हा एकच शब्द येतो. खरं तर आकडे दोन असतात. आजार असलेल्यांपैकी किती जणांना पकडलं, हा पहिला. आजार नसलेल्यांपैकी किती जणांना सोडलं, हा दुसरा. एक वाढवायला गेलं की दुसरा सहसा घसरतो. स्मोक अलार्मसारखं आहे. जास्त संवेदनशील केला तर फोडणी दिली तरी वाजणार.

समजा, एका तालुक्यात १,००० मधुमेहींची तपासणी झाली. त्यातल्या १०० जणांना खरोखर उपचाराची गरज आहे. मशीनचे दोन्ही आकडे ९० टक्के आहेत. तर ते १०० पैकी ९० जणांना पकडेल, १० सुटतील. उरलेल्या ९०० निरोगी लोकांपैकी ८१० जणांना 'ठीक आहे' म्हणेल आणि ९० जणांना उगाच पुढे पाठवेल. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी गेलेल्या १८० जणांपैकी निम्म्यांना काहीच झालेलं नसेल.

हे वाईट आहे का? नेत्रतज्ज्ञांच्या बाजूने बघितलं तर १,००० ऐवजी १८० जणच तपासायचे आहेत, हा मोठा फायदा. पण ज्याची दिवसाची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं गेलं, सोबत मुलालाही रजा काढायला लागली, त्याला 'काही नाही, घरी जा' हे उत्तर मिळतं. पुढच्या वेळी तो येईलच असं नाही. आणि जे १० सुटले, ते 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून निर्धास्त राहतात. वर्षभराने पुन्हा तपासणी झाली तर त्यातले बरेचसे सापडतील. म्हणून तर दरवर्षीचा आग्रह.

थायलंडमध्ये काय झालं?

प्रयोगशाळेतून दवाखान्यात गेल्यावर काय होतं, याचा सगळ्यात प्रामाणिक अहवाल गुगलच्याच टीमने २०२० मध्ये दिला. थायलंडमधल्या पथुम थानी आणि चियांग माई या प्रांतांतल्या ११ सरकारी दवाखान्यांत ही यंत्रणा बसवली होती. तिथे नर्स डोळ्याचे फोटो काढत आणि लांबच्या नेत्रतज्ज्ञांकडे पाठवत. रिपोर्ट यायला कित्येक आठवडे लागत. एआयमुळे तो काही मिनिटांत मिळणार होता.

पहिल्या सहा महिन्यांत १,८३८ फोटो यंत्रणेतून गेले. त्यातले ३९३ फोटो, म्हणजे २१ टक्के, 'दर्जा पुरेसा नाही' म्हणून यंत्रणेने नाकारले.

कारणं अगदी साधी होती. फोटोसाठी खोली अंधारी लागते, म्हणजे बाहुली आपोआप मोठी होते. पण बऱ्याच दवाखान्यांत वेगळी खोलीच नव्हती. त्याच खोलीत दुसऱ्या तपासण्या चालू, मग दिवे बंद कसे करणार? मशीनला शिकवताना स्वच्छ फोटो वापरले होते, त्यामुळे ते जरा धूसर फोटोवर उत्तर द्यायलाच तयार नव्हतं. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण नर्सना चीड यायची, कारण त्यांच्या अनुभवी डोळ्यांना त्याच फोटोत पडदा बऱ्यापैकी दिसत होता. फोटो नाकारला गेला की नियमानुसार पेशंटला तज्ज्ञांकडे पाठवायचं. इंटरनेटचाही प्रश्न होता. फोटो क्लाउडवर चढायला वेळ लागायचा आणि बाहेर रांग वाढत जायची.

सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच आहे. काही नर्स पेशंटना या अभ्यासात भाग घेऊ नका, असं सुचवायला लागल्या. रिपोर्ट ताबडतोब आला आणि त्यात 'पुढे पाठवा' असं असलं तर त्या पेशंटला लांबच्या हॉस्पिटलात जावं लागेल, आणि त्याला ते परवडणार नाही, हे त्यांना माहीत होतं. मशीनच्या अचूकतेचा इथे संबंधच नव्हता.

मुंबईतला प्रयोग

याच सुमारास मुंबईत वेगळ्या बाजूने प्रयत्न झाला. बंगळुरूच्या रेमिडिओ कंपनीने स्मार्टफोनला जोडून वापरता येणारा फंडस कॅमेरा बनवला आहे. त्याच्यावरचं 'मेडिऑस' हे सॉफ्टवेअर फोनवरच चालतं, इंटरनेट लागत नाही. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी त्याने फोटो काढले. डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१९ मध्ये 'जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी'मध्ये प्रसिद्ध झाला.

२३१ मधुमेहींची तपासणी झाली, १८ जणांचे फोटो वापरण्याजोगे नव्हते. उरलेल्या २१३ जणांपैकी ज्यांना पुढे पाठवायला हवं होतं ते सगळे, म्हणजे १०० टक्के सापडले. निरोगींना ओळखण्याचं प्रमाण ८८.४ टक्के होतं. १०० हा आकडा बघून हुरळून जायचं कारण नाही. २१३ लोकांत गंभीर आजार असलेले मुळात थोडेच असणार, त्यामुळे एखादा जरी सुटला असता तरी टक्केवारी दणकन खाली आली असती. आजाराची कुठलीही खूण, अगदी सुरुवातीचीसुद्धा, पकडण्याचं प्रमाण ८५.२ टक्के होतं. तरीही ज्या दवाखान्यात लोक बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या घ्यायला येतातच, तिथेच फोटो काढता येतो आणि त्याला डॉक्टरची गरज नाही, हे या अभ्यासाने दाखवलं. वाहिन्या फुगलेल्या आहेत की नाही हे कळण्याआधी डोळ्यांच्या हॉस्पिटलाची पायरी चढावी लागत नाही, ही गोष्ट छोटी नाही.

कॅमेरा बदलला की उत्तर बदलतं

डोळ्याच्या पडद्याचा आणखी एक प्रकारचा स्कॅन असतो, ओसीटी. प्रकाशाच्या लहरी वापरून तो पडद्याचे थर उभे कापून दाखवावेत तसे दाखवतो. १९९१ मध्ये हे तंत्र पुढे आलं आणि आज शहरातल्या बहुतेक मोठ्या नेत्र रुग्णालयांत ते असतं.

लंडनच्या मूरफील्ड्स आय हॉस्पिटल आणि डीपमाइंडने २०१८ मध्ये ओसीटी वाचणारं एआय जाहीर केलं. कुठल्या पेशंटला किती घाईने पाठवायचं, हे ठरवण्यात ते तज्ज्ञांच्या तोडीचं होतं, चुका ५.५ टक्के. पण दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरचे स्कॅन दिल्यावर त्याच एआयच्या चुका ४६.६ टक्क्यांवर गेल्या. डोळे तसेच, आजार तेच, फक्त चित्राचा पोत थोडा वेगळा. माणसाच्या डोळ्याला हा फरक जाणवतो आणि तो विसरूनही जातो. मशीनला तो विसरता येत नाही.

या टीमने आधीच यावर उपाय योजून ठेवला होता. त्यांचं एआय दोन टप्प्यांत चालत होतं. पहिला टप्पा स्कॅनमधले थर आणि सूज रंगवून नकाशा बनवतो, दुसरा तो नकाशा वाचून निर्णय देतो. नव्या मशीनसाठी फक्त पहिला टप्पा पुन्हा शिकवला आणि चुका ३.४ टक्क्यांवर आल्या. शिवाय त्या नकाशामुळे मशीनने काय बघून निर्णय दिला, हे डॉक्टरांना तपासता येतं. बाकीच्या बऱ्याच यंत्रणांना ही सोय नसते.

मशीन भलतंच काही शिकून बसल्याची उदाहरणंही आहेत. त्वचेच्या कॅन्सरचे फोटो ओळखणाऱ्या एका एआयच्या बाबतीत संशोधकांना दिसलं, की फोटोत मोजपट्टी असली की ते 'कॅन्सर' म्हणण्याकडे झुकतं. कारण डॉक्टर संशयास्पद डागांच्या शेजारीच मोजपट्टी ठेवून फोटो काढतात.

फोटो नसलेला प्रकाश

कोविडच्या काळात घराघरात आलेला ऑक्सिमीटर हेही प्रकाशाचंच उपकरण. बोटातून लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश सोडायचा, कोणता किती शोषला गेला यावरून रक्तातला ऑक्सिजन काढायचा. यात डीप लर्निंग नाही. पण 'कुणावर शिकलात?' हा प्रश्न त्यालाही लागू पडतो. २०२० मध्ये अमेरिकेत आढळलं, की ऑक्सिमीटर ठीक दाखवत असतानाही प्रत्यक्षात ऑक्सिजन धोक्याच्या पातळीखाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ११.७ टक्के होतं, गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के. त्वचेतलं रंगद्रव्य प्रकाश शोषतं आणि हिशेब चुकतो. वेगवेगळ्या रंगांच्या त्वचेच्या देशात स्मार्टवॉच आणि फोनच्या कॅमेऱ्याने आरोग्य मोजणारी ॲप्स विकली जात असताना हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

चूक झाली तर जबाबदार कोण?

अमेरिकेच्या एफडीएने एप्रिल २०१८ मध्ये 'आयडीएक्स-डीआर' या यंत्रणेला परवानगी दिली. डॉक्टरने फोटो न बघता थेट निकाल देणारं हे तिथलं पहिलं मान्यताप्राप्त एआय. ते बनवणारे डॉ. मायकेल अब्रामॉफ स्वतः नेत्रतज्ज्ञ आहेत. निदान मशीन करत असेल तर त्या निदानाची जबाबदारी मशीन बनवणाऱ्याने घ्यायला हवी, फोटो काढणाऱ्या क्लिनिकवर ती ढकलता येणार नाही, अशी त्यांनी जाहीर भूमिका घेतली.

भारतात एप्रिल २०२० पासून वैद्यकीय वापराचं सॉफ्टवेअरही उपकरणांच्या नियमांखाली येतं. आयसीएमआरने २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वंही काढली. गुगलने २०२४ मध्ये आपलं मॉडेल भारतात फोरस हेल्थ आणि ऑरोलॅब यांना वापरायला दिलं. म्हणजे शिबिरात किंवा फॅमिली डॉक्टरकडे अशी तपासणी होण्याची शक्यता येत्या काळात वाढेल.

तशी तपासणी झालीच तर दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, दोन्ही डोळ्यांचे फोटो नीट आले का. 'फोटो वाचता आला नाही' म्हणजे 'नॉर्मल' नाही. अनेकदा मोतीबिंदूमुळेच फोटो धूसर येतो, त्यामुळे अशा वेळी डॉक्टरांना दाखवायलाच हवं. दुसरी, मशीनने नेमकं काय शोधलं. फक्त डायबेटिक रेटिनोपॅथी शोधणाऱ्या यंत्रणेचा 'नॉर्मल' रिपोर्ट काचबिंदूबद्दल काहीही सांगत नाही. आणि रिपोर्ट काहीही असला तरी नजर अचानक कमी झाली, काळे ठिपके वाढले किंवा सरळ रेषा वाकड्या दिसायला लागल्या, तर पुढच्या वर्षीच्या शिबिराची वाट न बघता थेट नेत्रतज्ज्ञांकडे जावं.